रेडियम लावणार नाही

इलेक्ट्रिक गिटारला नव्यानं रंग करायचा म्हणजे जुना रंग खरवडणं, सीलर, पुट्टी, प्रायमर, रंगाचे हात, क्लिअरचे हात आणि शेवटी रबिंग. यातल्या प्रत्येक टप्प्याला शिराळ्यात जाणकार माणूस आहे आणि तो मनापासून मदत करतो. डेंटिंग-पेंटिंगवाला स्वतःची गन वापरायला देतो. फर्निचरचं पॉलिश करणारा सीलरमध्ये थिनर किती घालायचा ते न विचारता सांगतो. कुठं रंगाचा ओघळ आला असेल तर रस्त्यानं जाणारासुद्धा थांबतो आणि "तिथं परत पेपर मारा" म्हणतो. पण गिटारच्या माथ्यावर, तारा ताणायच्या खुंट्या असतात त्या हेडस्टॉकवर, बोटभर लांबीचं नाव घालायचंय म्हटलं की ही सगळी आस्था एका वाक्यात आटोपते. "रेडियम लावा की मास्तर, कोण बघतंय तिथं!"

माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. आणि सगळे असंच म्हणत आल्यामुळे ज्या ज्या वस्तू बाजारात मिळेनाशा झाल्यात, त्यांच्याबद्दल आहे.

रेडियमशी माझं वैर नाही. नंबरप्लेटवर, टेम्पोच्या काचेवर, बेंजो पार्टीच्या गाडीवर ते शोभतं. तिथं अक्षर वीतभर असतं, लांबून वाचायचं असतं आणि वर्षा-दोन वर्षांनी बदललं तरी चालतं. गिटारवर अक्षर जेमतेम नखाएवढं असतं. एवढ्या आकारात व्हिनाइलमधून 'शि'ची वेलांटी मशीननं कापली तर ती धाग्याएवढी निघते आणि चिमट्यानं उचलताना वळते. अनुस्वार तर मागच्या कागदावरच राहून जातो. चिकटवल्यावर रेडियमची कड बोटाला लागते. त्यावर लॅकर मारावं, तर थिनरनं व्हिनाइल सुरकुततं. न मारावं, तर हाताच्या घामानं आणि उन्हानं कडा सुटतात. नागपंचमीच्या मिरवणुकीत भर श्रावणात वाजणारी वाद्यं दिवाळीला जवळून पाहा. पार्टीच्या नावातली दोन-तीन अक्षरं हमखास उखडलेली दिसतील. वाजवणाऱ्यांना त्याचं वाईट वाटतं, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. मग ते पुन्हा रेडियमच लावतात, कारण दुसरं काही असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरं असतं, ते वॉटरस्लाइड डेकल. ज्यांच्या घरी जुनं काळं शिलाई मशीन आहे त्यांनी ते पाहिलेलं आहे. त्या मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी ब्रशनं रंगवलेली नसते. ती कागदावर छापून, पाण्यात भिजवून, लोखंडावर सरकवलेली असते. सिंगरच्या काही मशीनवर तर इजिप्तचा स्फिंक्स असायचा. पन्नास-साठ वर्षं तेलाचे हात आणि कापडाची घासण सोसूनही ती नक्षी ओळखू येते. युक्ती साधी आहे. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा थर, त्यावर अगदी पातळ पारदर्शक पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर छपाई. पाण्यात गोंद सुटला की पापुद्रा कागदावरून घसरतो आणि हव्या त्या जागी बसतो. अनुस्वार, रफार, वेलांटी सगळं एकाच पापुद्र्यावर असल्यामुळे काहीही सुटून पडत नाही. देवनागरीसारख्या वर-खाली मात्रा असलेल्या लिपीसाठी याहून योग्य पद्धत मला माहीत नाही.

इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेत तर ही पद्धत पहिल्यापासून आहे. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, तेव्हा तिच्या माथ्यावरचं नाव डेकलचंच होतं. त्या काळी ते बहुधा लॅकरच्या वर लावत, म्हणून जुन्या गिटारींवर ते झिजलेलं दिसतं. पुढे त्यावर क्लिअर मारायची पद्धत रूढ झाली. फेंडरच्या कारखान्यात वापरलेले बरेच रंग ड्यूपाँट कंपनीचे, मोटारींसाठी बनवलेले होते. म्हणजे आमचा डेंटिंग-पेंटिंगवाला जी गन देतो आणि जे काम जाणतो, ते गिटारच्या मूळ घराण्यातलंच आहे. सगळं जुळतं, फक्त एक कागद मिळत नाही.

आता त्या कागदाची गोष्ट. शिराळ्यात तो मिळत नाही, इस्लामपुरात मिळत नाही. सांगली-कोल्हापूरला स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात विचारलं तर टॅटूचा कागद पुढे करतात. तो वेगळा. टॅटूच्या कागदावर छपाई उलटी करावी लागते, कारण तो पालथा चिकटवतात. वॉटरस्लाइडवर सुलटी करावी लागते, कारण पापुद्रा उताणाच सरकतो. दोन्ही कागद दिसायला सारखेच, गुळगुळीत आणि पांढरे. ऑनलाइन मागवला तर पाकिटावर फुलांचं, मगचं, मेणबत्तीचं रंगीत चित्र असतं. तो कागद इंकजेटसाठी आहे की लेझरसाठी, ही एकच गोष्ट ज्यावर सगळं अवलंबून आहे, ती मात्र कुठं तरी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात असते. कधी कधी तीही नसते.

हा बारकावा कोणाला किरकोळ वाटेल, पण त्यानं काय होतं ते सांगतो. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. म्हणून छापल्यावर त्यावर आधी ॲक्रिलिक क्लिअरचे दोन-तीन हलके हात मारून ती बंद करावी लागते, नाही तर भिजवताच अक्षरं पसरतात. लेझरचा टोनर म्हणजे वितळवून बसवलेलं प्लास्टिक. त्याला पाण्याची भीती नाही. पण लेझर प्रिंटरमधला तापलेला रोलर दोनशे अंशांच्या आसपास जातो. इंकजेटचा कागद त्यातून गेला तर त्याचा पापुद्रा रोलरलाच चिकटतो आणि मशीन बंद पडतं. झेरॉक्सच्या दुकानात माझा कागद पाहिला की मालक हात आखडता घेतो, तो याच भीतीनं. ती भीती खरी आहे. त्याच मशीनवर दिवसभर सातबारे, आधार कार्डं आणि शाळेचे दाखले निघतात. माझ्या चार अक्षरांसाठी ते बंद पडावं अशी अपेक्षा करायचा मला हक्क नाही. माझा राग त्याच्यावर नाही. कागद विकणाऱ्यानं पाकिटावर ठळक अक्षरांत एक ओळ छापली असती तर आम्हा दोघांची अडचण मिटली असती.

ओळ छापली नाही ते नाही, वर कागद सुटा मिळत नाही. ए-फोरच्या एका कागदावर साठ-सत्तर गिटारींची नावं मावतात. पाकिटात असे दहा नाही तर वीस कागद. एवढ्या गिटारी शिराळा तालुक्यात नसतील. उरलेला गठ्ठा पावसाळ्यात दमट होतो, त्याचा गोंद आधीच मऊ पडतो आणि पुढच्या वर्षी पापुद्रा सरकायच्या ऐवजी चुरगळतो. पतंगाचा कागद सुटा मिळतो, जिलेटिनचा मिळतो, बटर पेपर मिळतो. हाच एक असा आहे की घ्यायचा तर गठ्ठ्यानं.

कागद हाती आला की अक्षरांचा प्रश्न उभा राहतो. मला नाव हवं होतं 'मोरणा', आमच्या गावच्या नदीचं, आणि खाली बारीक 'बत्तीस शिराळा'. साधं, सरळ मराठी. छपाईच्या दुकानात फाइल उघडली की 'शि'ची वेलांटी 'श'च्या पलीकडे जाऊन बसते आणि 'त्ती'चे दोन तुकडे होतात. जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी कळत नाही, एवढंच त्याचं कारण. उपायही ठरलेला आहे. फाइल देण्याआधी अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर करून पीडीएफ न्यायची, म्हणजे कोणत्याही दुकानात ती मोडत नाही. पण हे गिऱ्हाइकाला दुकानात कोणी सांगत नाही. "इंग्लिशमध्ये करा, चांगलं दिसेल," असं मात्र लगेच सांगतात. महाराष्ट्रातल्या छपाईच्या दुकानात मराठी नाव छापायला अडचण आणि इंग्रजी नाव छापायला शिफारस, ही गोष्ट मला मान्य होत नाही.

सोनेरी किंवा पांढऱ्या अक्षरांचा तर विषयच नको. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे कागदाचं पांढरं, आणि डेकलमध्ये कागद मागं राहतो. म्हणून पारदर्शक कागदावर फक्त काळं किंवा गडद अक्षर फिकट लाकडावर उठून दिसतं. गडद लाकूड असेल तर पांढऱ्या पाठीचा कागद घेऊन अक्षरांच्या कडेनं कापावं लागतं. ही माहिती पाकिटावर एका वाक्यात बसली असती.

मग पाणी. बोअरचं पाणी क्षाराचं असतं. त्यात भिजवलेलं डेकल वाळलं की पापुद्र्याखाली पांढुरके डाग राहतात आणि क्लिअरखाली ते कायमचे कोंडले जातात. शुद्ध पाणी गावात आहे, बॅटरीच्या दुकानात. इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड पाणी या कामाला उत्तम. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की डेकल नीट पसरतं. ही एक वस्तू सहज मिळते आणि स्वस्तही मिळते, याचं मला समाधान आहे.

लावायची वेळ नीट सांगतो, कारण इथं घाई करणारे फार भेटतात. आधी हेडस्टॉकवर क्लिअरचे हात मारून तो काचेसारखा गुळगुळीत करून घ्यायचा. खरखरीत जागेवर पापुद्रा लावला तर खाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक येते. कोमट पाण्यात डेकल बुडवलं की आधी ते गुंडाळी करतं. हात लावायचा नाही. तीस-चाळीस सेकंदांत ते आपोआप सरळ होतं. बोटानं कडेला हलकेच ढकलून पाहायचं. पापुद्रा कागदावर केसभर सरकला तर तो तयार झाला, नाही सरकला तर अजून थांबायचं. हेडस्टॉकवर आधी पाण्याचे थेंब टाकायचे, कागद जागेच्या शेजारी टेकवायचा आणि पापुद्रा तिथल्या तिथं सरकवून खालचा कागद ओढून घ्यायचा. पापुद्रा उचलायचा नसतो, कारण उचलला की तो स्वतःवर दुमडतो आणि पुन्हा उलगडत नाही. 'मोरणा'ची शिरोरेघ खुंट्यांच्या ओळीला समांतर आली की नाही, हे पाहायला पाण्यामुळे एखादा मिनिट मिळतो. जुळली की मऊ ओलं सुती कापड मधून कडांकडे फिरवायचं. पाणी कडेनं बाहेर येताना दिसतं आणि त्याबरोबर शेवटची हवाही निघून जाते. कड उचललेली राहिलीच तर पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून ब्रशनं लावायचं. त्यानं पापुद्रा मऊ होऊन बसतो. परदेशात यासाठी वेगळी बाटली मिळते. आमच्याकडे किराणा दुकानातलं व्हिनेगर बऱ्यापैकी काम करतं.

एवढं झालं की लोकांना वाटतं काम संपलं. खरी काळजी इथून पुढे सुरू होते. पापुद्र्याखालचं पाणी पूर्ण वाळेपर्यंत क्लिअर मारता येत नाही. कोरड्या हवेत एक रात्र पुरते. शिराळ्याच्या पावसाळ्यात पुरत नाही. चांदोलीकडून ढग उतरू लागले की भिंतीसुद्धा ओल धरतात. अशा हवेत नायट्रोसेल्युलोज लॅकर मारलं तर ते पांढरं पडतं. थिनर भराभर उडतं, त्यामुळे पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकरमध्ये कोंडते. 'मोरणा' या काळ्याभोर अक्षरांवर दुधाची साय धरल्यासारखा थर येतो. थिनर सावकाश उडावं म्हणून त्यात रिटार्डर घालतात. तो आमच्याकडच्या रंगाच्या दुकानात मागितला की "लागत नाही तो" असं उत्तर मिळतं. तो लागतो, आणि सगळ्यांत जास्त आमच्यासारख्या ओल्या तालुक्यातच लागतो. डब्यावर छापलेली वाळण्याची वेळ कोरड्या हवेतली असते. दमट हवेसाठी वेगळी वेळ छापावी, हे भारतात रंग विकणाऱ्याला सुचायला हवं होतं.

कोणी म्हणतं, हार्डनर घालायचा पीयू क्लिअर मारा, त्याला पावसाचं काही नाही. तसं नाही. त्या हार्डनरमधले आयसोसायनेट पाण्याशी क्रिया करतात, वायू सुटतो आणि ओलीवर मारलेल्या थरात बारीक फोड येतात. शिवाय ती वाफ फुप्फुसांना घातक असते. नाकाला रुमाल बांधून ती थांबत नाही, योग्य फिल्टरचा मास्क लागतो. तो न देता डबा तेवढा विकणं मला गैर वाटतं.

लॅकरचा पहिला हात धुक्यासारखा हलका मारायचा, कारण ओला जाड हात मारला तर थिनर पापुद्रा आणि शाई दोन्ही विरघळवतं. असे हलके हात झाले की मग भरीव हात. पापुद्र्याची कड क्लिअरमध्ये बुडेपर्यंत थर चढवायचे, नीट कडक होऊ द्यायचे, मग हजार नंबरचा वॉटर पेपर, दोन हजारचा, आणि शेवटी रबिंग. पेपर जरा जास्त फिरला तर अक्षरच घासलं जातं. म्हणून नावाच्या जागी पेपर बोटानं मारायचा, ठोकळ्यानं नाही. हे सगळं झालं की नावावरून अंगठा फिरवा. कड कुठं सुरू होते ते लागत नाही. नाव लाकडातच आहे असं वाटतं. ज्याला हे एकदा जमलं तो पुन्हा रेडियमकडे वळत नाही, म्हणून "रेडियम लावा" या वाक्याचा मला राग येतो.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती किरकोळ नाही. मराठी नावाचं डेकल करायला एवढे सायास पडतात. परदेशी कंपन्यांच्या नावांची तयार डेकलं मात्र सहज विकत मिळतात. सोनेरी, काळ्या काठाची, अगदी मूळ वळणाची. कोणत्याही साध्या गिटारवर ती लावा आणि किंमत वाढवून विका. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ नुसार दुसऱ्याचं नोंदलेलं नाव असं खोटं लावणं हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्या मुलानं साठवलेल्या पैशातून ती गिटार घेतली, त्याची ती फसवणूक आहे. डेकलच्या पद्धतीचा असा उपयोग होतो आणि प्रामाणिक उपयोगाला कागद मिळत नाही, याची मला चीड येते.

वाद्यावरच्या नावाची किंमत काय असते, हे आमच्याच जिल्ह्यानं दाखवून दिलेलं आहे. मिरजेत सतार-तानपुरे घडवणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणायचे, ते कोरायचे, त्यावर नक्षी बसवायची, लाखेच्या पॉलिशचे हात द्यायचे, हे तिथं आजही हातानं होतं. २०२४ साली 'मिरज सितार' आणि 'मिरज तानपुरा' या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडं बनवलेल्या वाद्याला आता मिरजेचं नाव लावता येत नाही. गावाचं नाव कायद्यानं राखावं इतकं मोलाचं आहे, हे ज्या सांगली जिल्ह्यानं मान्य करून घेतलं, त्याच जिल्ह्यात वाद्यावर नाव घालताना "कोण बघतंय तिथं" म्हणायचं? वाजवणारा बघतो. तारा लावताना दर वेळी त्याची नजर तिथंच जाते. आणि वाद्य उद्या दुसऱ्याच्या हाती गेलं तर ते कुणी, कुठं दुरुस्त केलं, याचा तेवढाच पुरावा उरतो.

म्हणून मागण्या सांगतो, कुणालाही जड जाणार नाहीत अशा. कागद विकणाऱ्यांनी पाकिटावर 'इंकजेट' किंवा 'लेझर', 'सुलटं छापा' किंवा 'उलटं छापा' हे मोठ्या अक्षरांत, मराठीत छापावं आणि कागद सुटा विकावा. छपाईच्या दुकानांनी मराठी फाइल मोडते म्हणून गिऱ्हाइकाला इंग्रजीकडे वळवू नये, पीडीएफ मागून घ्यावी. रंगाच्या दुकानांनी जून ते सप्टेंबर रिटार्डरचा एक तरी डबा ठेवावा. लॅकर पाव लिटरमध्येही द्यावं. आणि बेंजो पार्टीवाल्यांनी, ऑर्केस्ट्रावाल्यांनी आपलं वाद्य रंगाला देताना नावाचं काम वेगळं धरावं, त्याचे पैसे वेगळे ठरवावेत. पैसे ठरले की ते काम मानलं जातं आणि मग ते नीट करणारेही तयार होतात.

ज्यांना नाव घालून हवंय त्यांनी तुळशीचं लग्न लागल्यावर माझ्याकडे वाद्य घेऊन यावं. तोवर हवा कोरडी झालेली असते. नाव स्वतःचं, पार्टीचं किंवा गावाचं असावं, देवनागरीत असावं आणि कागदावर हातानं नीट लिहून आणलेलं असावं. परदेशी कंपनीचं नाव कुणी आणलं तर मी ते लावणार नाही. त्याच जागी त्याचं स्वतःचं नाव कसं दिसेल ते छापून दाखवीन.